तार कुठं जाते ते बघा

मी माझ्या स्वतःच्या घराची वीज, सगळ्या गावादेखत, माझ्याच हुकमानं तोडली. तीही बहिणीला बघायला पाहुणे बसलेले असताना.

बहात्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. बेलापूरजवळचं आमचं गाव आणि मी नवाकोरा आमदार. कुसूमचं लग्न दोनदा जमता जमता फिसकटलेलं. या खेपेला पाहुणे राहुरीकडचे, मुलाचे वडील निवृत्त हेडमास्तर. आईनं सकाळीच बजावलं, "बापू, चारला घरी ये. अन् तोंड कमी उघड."

पण तीनला दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं आणि तिथं माईक होता. (माईक दिसला की माझं घड्याळ बंद पडतं.)

"मंडळी, सरकारचा अर्थसंकल्प म्हणजे घरचं पिठलं. माणसं वाढली तर पाणी वाढवा, पण आजाऱ्याच्या पेजेचे तांदूळ आधी बाजूला काढा. विजेचंही तेच. आधी दवाखाना, मग विहिरीवरच्या मोटारी, मग आपल्या घरातला उजेड!"

टाळ्या पडल्या. डॉक्टरीणबाई उठून म्हणाल्या, "साहेब, आमच्या तारेवर कुणीतरी आकडा टाकून वीज चोरतंय. घटकाभरात बघा, दिवा कसा होतो ते."

घटकाभर थांबावंच लागलं नाही. खोलीतला दिवा तिथल्या तिथं विझत्या निखाऱ्यासारखा लाल झाला. माझं रक्त तापलं.

"वायरमन, तार कुठं जाते ते बघा. चोराची वीज आत्ताच्या आत्ता तोडा."

वायरमननं डोकं खाजवलं. "साहेब, उद्या बगू की."

"उद्यापर्यंत बाळंतीण थांबेल का?"

"तसं न्हाई. आज तुमच्याकडं पाव्हनं हायेत, म्हनून म्हनलो."

"पाहुणे थांबतील!"

तारेखालून वरात निघाली. पुढं हारासकट मी, मागं गाव. गिरणीवाल्याकडं मी रोखून पाहिलं, पण तार गिरणीच्या पत्र्यावरून पुढं गेली. निवडणुकीत मला पाडायला निघालेल्या सरपंचाचं घर आलं, तेव्हा मी चाल वाढवली. तार तिथंही वळली नाही. (एवढं दुःख मला नंतर फक्त पुढच्या निवडणुकीत पडलो तेव्हा झालं.) शेवटी एक लिंब, एक गोठा आणि एक भिंत. तार भिंतीत शिरली.

"साहेब, हितंच थांबू."

"का? गुंडाचं घर आहे?"

"तसं काय म्हनता येनार न्हाई."

"मग तोड."

त्यानं सुस्कारा सोडला, शिडी लावली आणि तार तोडली. भिंतीपलीकडं पंख्याची घरघर थांबली. मग आवाज आला, "आगं बाई, इजेची शेगडी इझली. पोहे राहिले की कच्चे."

भिंतीच्या आधी मी आईचा आवाज ओळखला. (आमदार झाल्यापासून मी घरात फक्त पुढच्या दारानं शिरत होतो. मागची बाजू विसरलोच होतो.)

मागच्या दारातून थोरला भाऊ डोकावला. "दिवाळीत टाकला मी आकडा. मीटरचा अर्ज तुझ्याच शिफारशीसाठी पडलाय. म्हटलं, आमदाराचं घर अंधारात बरं दिसत न्हाई."

घरात वीज आली कशी, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आमदाराकडं ती आपोआप येते, अशी माझी समजूत होती.

भावामागून हेडमास्तर आले, उपरण्यानं वारा घेत. खिडकीत कुसूम हातात ताट घेऊन उभी. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी गळ्यातला हार काढून हातात घेतला.

"वीज तुम्ही तोडायला लावलीत?" हेडमास्तरांनी विचारलं.

"होय." (दुसरं काय सांगणार? गाव ऐकत होतं.)

"स्वतःच्या घरची?"

"होय."

"आम्ही आत बसलेलो असताना?"

मी मान खाली घातली. हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "असा आमदार मी जन्मात पाहिला नव्हता. या घरातली मुलगी आम्हाला पसंत आहे."

मी लगेच मान वर केली आणि तत्त्वनिष्ठ चेहरा केला. तो चेहरा घेऊनच स्वयंपाकघरात गेलो. आई चूल फुंकत होती, डोळे धुरानं लाल झालेले.

"बघितलंस आई? तत्त्वाला फळ येतं."

आईनं फुंकणी खाली ठेवली. "बापू, तू आपला इधानसभेतच बोलत जा. तिथलं बोलनं कुनाच्या घरापत्तुर पोचत तरी न्हाई."