आईनं सांगितलेला निरोप

आमच्या पिंपळगावात कुणाची सून भांडून माहेरी गेली की तिला आणायला चार माणसं जात. जी आपल्या पायांनी परत येई तिला पुढं जन्मभर मान खाली घालून नांदावं लागे. या चार माणसांत माझे वडील कायम पुढे. इस्त्रीचा सदरा, टोपी, खिशात पेन. पेनाचं तिथं काहीच काम नसे. संसार कसा करावा हे त्यांनी निदान वीस अंगणांत बसून सांगितलं असेल. घरात मात्र ते आईशी वर्षभर बोलत नव्हते.

म्हणजे बोलत, पण माझ्यामार्फत. ते ओसरीवर, आई चुलीपाशी, आणि पाचवीतली मी मधल्या खोलीतून ये-जा करणारी.

"तुझ्या बापाला विचार, भाकर आत्ता खायची का गाव सुधरून आल्यावर."

मी ओसरीवर जाऊन म्हणे, "दादा, आई जेवायला बोलावून राह्यली."

"तिला म्हणावं, जिभेला जरा सुट्टी दे."

मी आत येऊन सांगे, "दादा येतेत."

शाळेत मला समजूतदार म्हणत. रोज संध्याकाळी माझं पोट दुखे, त्याला ओवा देत.

एका दुपारी आईनं पिशवी भरली. वडील शेतात होते. "सांग त्याला, मी माहेरी, हसनाबादला चालले. चार माणसं घेऊन आला तर येईन, न्हाई तर बिलकुल न्हाई." आणि ती एसटीत बसली.

हे ऐकून वडील "मंग राहू दे तिकडंच" म्हणतील, याची मला खात्री होती. संध्याकाळी मी सांगितलं, "आई मामाकडं गेली. आठ दिवसांनी येते म्हणली."

"बरं," ते म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

आठ दिवस झाले. "येईल की," ते म्हणाले. खरं सांगणं रोज जास्त अवघड होत गेलं. दहाव्या दिवशी टोपी घालून ते तिघांबरोबर जीपमध्ये बसले, तेव्हा मला वाटलं, कळलं त्यांना. ते दुसऱ्या कुणाची तरी बायको आणायला गेले होते.

अठराव्या दिवशी आई एकटीच एसटीतून उतरली आणि पारावरच्या माणसांसमोरून चालत घरी आली. पाणी प्याली.

"निरोप सांगितल्ता ना तू?"

"हो."

"काय म्हणले ते?"

"काही न्हाई."

त्या दिवसापासून ती भांडली नाही. वडील तिच्याशी बोलायला लागले, तीही हो-नाही म्हणू लागली. शेजारणी म्हणाल्या, घर सुधारलं. माझी पोटदुखी राहिलीच.

वडील गेल्यापासून आई माझ्याकडे जालन्यात असते. भाजी निवडताना मध्येच म्हणते, "अठरा दिवस वाटंकडं तोंड करून बसल्ते मी. निरोप धाडून बी आला न्हाई माणूस." मी मेथीच्या काड्या वेगळ्या करत राहते. सांगितलं तर ती मला काय म्हणेल, ही भीती आहेच. पण खरं सांगितलं तर वडीलही अर्धे सुटतात, आणि तेवढं त्यांना सोडायला मी अजून तयार नाही.