कोमट पेटीतला स्फटिक

वसई पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात एक भट्टी, एक खुर्ची आणि मी. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात. मी बोरेटचे स्फटिक वाढवतो, अतिनील प्रकाशाच्या लेसरसाठी. भट्टी इतकी हळू थंड करायची की बघणाऱ्याला वाटावं, हिला बंद पडूनच जमाना झाला. त्यात इथली लाइट! इन्व्हर्टर नसता तर कधीच कपाळाला हात लावून घरी बसलो असतो. घरी तरी कोण आहे म्हणा. बायको होती तेव्हा दसऱ्याला येऊन भट्टीला कुंकू लावायची आणि तिलाच दटावायची, "लवकर सोड गं यांना." ती गेल्यापासून गाळ्याचं दार वाऱ्याने काय वाजेल तेवढंच.

आजवरच्या स्फटिकांत कुठे बुडबुडे, कुठे तडे. यंदाचा मात्र अख्खा निघाला, पेरूएवढा, आरपार नितळ. हा चाचणीत टिकला की इतक्या वर्षांचा खटाटोप सार्थकी लागणार होता. पण याचे नखरे फार. ओलावा म्हणून सोसत नाही, आणि वसईच्या हवेत तर बरणीतलं मीठसुद्धा पाझरतं. म्हणून तो कायम कोमट पेटीत.

दसऱ्याला शेजारच्या लेथवाल्याची आई आली, मूळची अर्नाळ्याची, हातात पूजेचं ताट. "आमच्या मशीनींची पूजा झाली दादा, म्हटलं तुमचीपन करावी. तुमच्याकडं आता कोन हाय करायला?"

कोणाला तरी दाखवावा म्हणून मी पेटी उघडली आणि स्फटिक तळहातावर घेतला.

"ह्यो काय करतो?"

"आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड यातून जातो, मावशी."

"अगं बाय! मंग हा देवच की!" आणि मी "अहो, पाणी" म्हणेपर्यंत तिने ओल्या कुंकवाचं बोट टेकवलंसुद्धा. टक् असा बारीक आवाज झाला. तिला तो ऐकू गेला नाही. "गरम हाय, जित्ता असल्यागत," म्हणत तिने हात जोडले.

ती गेल्यावर मी मटकन खुर्चीत बसलो. तडा पार आतपर्यंत गेला होता. रडलो, खोटं कशाला बोलू. मग चांगल्या बाजूचा एक तुकडा कापला आणि बीज म्हणून, त्यावर नवा स्फटिक धरावा यासाठी, पुन्हा भट्टीतल्या रसात सोडला.

आता ती जाता-येता दारात थांबते. "देव कसा हाय?"

"वाढतोय," मी म्हणतो. तड्याचं तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर बिचारी लाजेने यायचीच बंद होईल.