टांझानियाची मुळं

“झाड एकटं जेवत नाही,” असं म्हणताना आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवायच्या. एक हात मुळं, दुसरा त्या मुळांना अन्न पुरवणारी बुरशी. समोरचा चहा निवायचा, पण बोटं सुटायची नाहीत.

आमचं कॉलेज शिरूरला आणि मॅडमही शिरूरच्याच, बागवानांच्या घरातल्या. लग्नानंतर टांझानियात गेल्या, शाळेत शिकवलं, सुट्ट्या रानात काढल्या. नव्वदच्या दशकात परतल्या त्या तिथल्या झाडांची वाळवलेली पानं आणि बारीक मुळं घेऊन, रीतसर परवानग्या काढून.

पानातला नायट्रोजन दोन प्रकारचा, एक हलका, एक किंचित जड. त्यांचं प्रमाण मोजलं की झाडाला अन्न कुठल्या वाटेनं, कुठल्या बुरशीच्या हातून आलं याचा माग लागतो. ते मोजणारं यंत्र आमच्या कॉलेजात कुठलं असणार! मोठ्या प्रयोगशाळेत नंबर लावून मॅडम वर्षानुवर्षं थांबल्या. मी रसायनशास्त्राचा, म्हणून मला पानांची पाकिटं उघडून दाखवायच्या. “सर, वास घ्या. रानाचा आहे.” मला कागदाचाच यायचा, मी मान डोलवायचो.

अखेर नंबर लागला. नेमकी त्याच आठवड्यात कॉलेज तपासायला समिती येणार होती. सोमवारी मॅडम स्टोअररूममध्ये गेल्या, तर त्यांचं पाकिटांचं कपाट रिकामं.

शिपाई आप्पा रडवेले झाले. “म्या म्हणलं व्हतं, मॅडमचं हाय. सायेब म्हणले, पालापाचोळा हाय, पेटव.”

आणि प्राचार्य काय म्हणाले, ऐका. “अहो मॅडम, पानांना काय तोटा? वरवंडच्या रस्त्याला हवी तेवढी मिळतील.” आजही हे वाक्य आठवलं की माझी कानशिलं तापतात.

समिती आली. प्राचार्यांनी छाती फुगवून सांगितलं, “आमच्या मॅडम आफ्रिकेतल्या झाडांवर संशोधन करतात.”

“बघायला मिळेल?” अध्यक्षांनी कौतुकानं विचारलं.

“या ना.” मॅडम पाहुण्यांना थेट इमारतीमागं घेऊन गेल्या, राखेच्या ढिगापाशी थांबल्या. “हे माझं संशोधन. तुम्ही येणार म्हणून साफसफाई झाली.”

एकानं घड्याळ पाहिलं. मग समिती पुरणपोळी जेवली. कॉलेजला उत्तम श्रेणी मिळाली आणि मॅडमना शिस्तभंगाची नोटीस! त्यांनी उत्तर दिलं नाही, राजीनामा दिला.

त्या पुन्हा टांझानियाला निघाल्या, तेव्हा दौंड स्टेशनवर आम्ही दोघं त्यांना सोडायला गेलो, आप्पा आणि मी.

“पुन्हा सगळं गोळा करणार?” मी विचारलं.

“मग? झाडं तिथंच आहेत की!”

गाडी हलली. आप्पा मान वर करेनात. मॅडम दारातून ओरडल्या, “आप्पा, इकडं बघा! काडी तुमच्या हातात होती, आग तुमची नव्हती!”

आप्पांनी बघितलं, तेव्हा डबा फलाटाबाहेर गेला होता.