शेजारच्या काउंटीतला वणवा

काळजी करायला आमच्या काळजीमामांना कारण लागत नसे. आभाळ भरून आलं की काळजी, निरभ्र असलं की जास्तच. "काय झालं न्हाई, म्हून तर भ्या वाटतंय," म्हणायचे. आता यावर काय बोलणार, कपाळ!

माझे हे सख्खे मामा विंझरला शेती करायचे. मामी गेल्यापासून घरात एकटेच. त्यात एकुलती एक लेक, स्वाती, नोकरीसाठी अमेरिकेत गेली. मग काय विचारता!

एकदा सकाळच्या एसटीनं ते भोरला माझ्या दारात हजर. तोंड पार उतरलेलं. "स्वातीच्या शेजारच्या काउंटीत वणवा लागलाय, मोबाईलवर दावत्यात. पोरगी फोन उचलंना." काउंटी म्हणजे तालुका, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. "आपल्या भोरला लागून वेल्हं, तसंच की. एक खिंड वलांडली का आग हितं."

"मामा, तिथल्या काही काउंट्या आपल्या अख्ख्या जिल्ह्याएवढ्या असतात," मी म्हटलं. पण मीही फोन लावत होते आणि तो नुसताच वाजत होता.

"मंग काउंटी म्हंजे हाय तरी काय?"

मी शाळेत इंग्रजी शिकवते. त्यांचं मन रमावं म्हणून सांगत बसले. काउंट म्हणजे सरदार, त्याचा मुलूख ती काउंटी. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सोबती. राजाच्या सोबत असणारा माणूस, मग त्याच्याच हवाली मुलूख.

"सोबती व्हय," मामा म्हणाले. नजर मात्र फोनवरच होती.

शेवटी स्वातीचाच फोन आला, मी स्पीकर लावला. मोबाईल सायलेंटवर राहिला होता म्हणे, वणवाही लांब होता. माझा जीव भांड्यात पडला.

"घराभवतीचं गवात काढलंस का?" मामांनी विचारलं.

"आबा, मी तिसऱ्या मजल्यावर राहते!"

मला हसू फुटलं. मामा हसले नाहीत. "तितं तुज्या सोबतीला कोन हाय, पोरी?"

 ती हुंदका देऊन म्हणाली, "कुणी नाही, आबा."

फोन ठेवल्यावर मामांनी डोळे पुसले आणि विचारलं, "पासपोर्ट कुठं काढत्यात?"

पासपोर्ट, व्हिसा सगळं झाल्यावर, जन्मात पुण्यापलीकडे न गेलेल्या या माणसाला मी हायवेवर कापूरहोळला विमानतळाच्या गाडीत बसवलं. तीच आमची शेवटची भेट; पुढं ते तिकडं लेकीपाशीच वारले. त्यांचा हात हातात घेतला तर बर्फासारखा गार.

"मामा, भीती वाटतेय का?"

"लई," ते म्हणाले. "पर ती एकटी हाय." आणि गाडीचं दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं.