आठ दिव्यांची पंगत

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, प्रकाशाला पंगतीत बसवून, प्रत्येकाच्या पानात मोजून वाढणारा गृहस्थ या पृथ्वीतलावर आजवर एकच होऊन गेला. तो कुंभकोणमला राहत असे आणि तो माझा आतोबा होता. या विधानाला हरकत घेणाऱ्याने आधी माझ्या आत्याशी लग्न करून दाखवावे, मग बोलावे.

आतोबांचं बसस्टँडमागे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे गिऱ्हाइकाला अरेतुरे आणि ट्रान्झिस्टरला अहोजाहो चाले. जळका भाग ते नाकाशी नेऊन हुंगत आणि वैद्याच्या आवाजात, तिकडच्या तंजावरी मराठीत सांगत, "हा गेला. शेजारचा नुसता मूर्च्छित अहे." एकदा पट्टीश्वरमच्या एका लग्नात वाढप्याने हेडमास्तरांच्या पानात तीन पळ्या पायसम् ओतलं आणि पुढच्या पानांवर थेंब-थेंब शिंपडलं. आतोबा घास खाली ठेवून उभे राहिले. "एका पंगतीला एक वाढपी पुरत नाही. एका पानाला एक वाढपी पाहिजे!" नवऱ्या मुलाच्या बापाने हात जोडले तेव्हा कुठे हे महाशय बसले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आत्याने दोन वर्षं खपून रामपट्टाभिषेकाचं तंजावरी चित्र पुरं केलं होतं. खडूच्या लगद्याचा उठाव, त्यावर सोन्याचा वर्ख, सगळं तिच्या हातचं. भजनमठात रामनवमीला ते लागायचं होतं. पण मठातल्या आधीच्या चित्रावर बल्बच्या धगीने वर्ख पापुद्र्यासारखा सुटला होता. आत्या म्हणाली, "बल्ब लावाल तर चित्र देत नाही म्हणून सांगा त्यांना." मठाचे कारभारी रावजी म्हणाले, "अंधारात देव नक्को. उजेड नसेल तर चित्र घरीं न्या." दोघांच्या मधे आतोबा. दोन वर्षांची मेहनत कापडात गुंडाळून कपाटावर जाणार असं दिसत होतं.

मी तेव्हा पुण्याला नोकरीला होतो. सुट्टीला जाताना एका मित्राकडून नुकत्याच निघालेल्या पांढऱ्या एलईडी घेतल्या. मोजून आठ. सोबत फलकांचे दिवे चालवणारी आठ वाटांची एक चिप. आतोबांनी चिपेकडे ढुंकून पाहिलं नाही. आठही दिवे शेजारी शेजारी जोडले, सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर दिला आणि बटण दाबलं. एक दिवा भगभगला, दोन मिणमिणले, बाकीचे नुसते आहेत म्हणायचे. आतोबा हादरले. जन्मभर ज्यावरून भांडले तेच पाप त्यांच्या हातून घडलं होतं. "अडडा! हा एकटा जेवतोय रे, बाकीचे उपाशी!"

मग चिप उचलली. तिचा कागद भिंगाखाली धरून वाचत गेले आणि त्यांचा आवाज देवळात बोलावं तसा खाली आला. "आठ पानं, आठ वाढपी. दिव्याची भूक कमीजास्त असो, प्रत्येकाच्या वाटेत प्रवाह तेवढाच जाणार. किती वाढायचं तें हा एक रेझिस्टर सांगतो, आणि आठीजण ऐकतात!" जोडणी झाली. आठही दिवे सारखेच उजळले, जणू एकाच आईची लेकरं. पण स्कूटरची बारा व्होल्टची बॅटरी लावल्याने चिप पोळायला लागली. दिव्याला साडेतीन पुरतात. उरलेला सगळा दाब ती बिचारी आपल्या अंगावर घेऊन उष्णता करून टाकत होती. आतोबांनी बॅटरी बदलून सहा व्होल्टची आणली आणि चिपेची रीतसर माफी मागितली. "आपण सांगायचं की हो, त्रास होतोय म्हणून."

रावजी पाहायला आले. दिवे लावताच सोन्यावर असा झगमगाट उठला की त्यांनी उपरण्याने डोळे झाकले. "अय्यो, देव कुठें? नुसतं सोनंच दिसतंय!" मी म्हटलं, प्रवाह कमी करा. आतोबा म्हणाले, "नक्को. दिवा अर्धपोटीं जेवला की त्याचा रंग बदलतो. वाढायचं तेवढंच, पण पान क्षणभर मांडायचं, क्षणभर उचलायचं." चिपेला सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करणारं एक लहानसं सर्किट त्यांनी जोडलं. चालू राहण्याचा वेळ एका बटणाने घटवायचा. डोळ्याला लुकलुक कळत नाही, उजेड तेवढा उतरतो. त्यांनी बटण फिरवलं. झगमगाट ओसरला आणि रामाचा चेहरा पुढे आला. रावजींनी डोळ्यांवरचं उपरणं काढून हात जोडले. मग म्हणाले, "सेरी, ठीक अहे. पण बाईंचं काय?"

बाई, म्हणजे आत्या, चित्र द्यायला तयार झाली ती एका अटीवर. उजेडाने वर्ख तापला असं वाटलं, तर त्याच क्षणी ती चित्र उतरवणार, भजन चालू असलं तरी.

रामनवमीची संध्याकाळ. मठ गच्च. आतोबांनी बटण इतकं हळू फिरवलं की उजेड आला कधी ते कुणालाच कळलं नाही; आधी मुकुटाची कड, मग सीतेचा पदर, मग सगळा दरबार. टाळ धरलेले हात तसेच थांबले. एक म्हातारा हात जोडून नुसता बघत राहिला. मग भजन रंगलं, तास गेला, दुसरा गेला. आत्या मात्र एक ओळही गायली नाही. तिची नजर वर्खावर आणि आतोबांची तिच्यावर.

आज दोघंही नाहीत. त्या दिव्यांचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. पण तो क्षण मी अजून जसाच्या तसा पाहतो. भजन ऐन भरात असताना आत्या उठली. आतोबांचा चेहरा पांढराफटक पडला. ती माणसांतून वाट काढत चित्रापाशी गेली, रामाच्या सोनेरी छातीवर तिने पंजा टेकवला, तसाच ठेवला. टाळ थांबले. आणि भर सभेत, चारचौघांत नवऱ्याशी कधी मान वर करून न बोललेली माझी आत्या मागे वळून ओरडली, "अहो, गार अहे! माझा राम गार अहे हो!"