रिकाम्या झोपाळ्याचं कारण

चहा झाला की आमच्याकडे तो पेल्यात ओतून, वर बशी झाकून शेगडीजवळ ठेवला जाई. त्या सकाळी झाकलेला पेला दिसला. मी पुस्तकातून डोकं न काढता तो उचलला आणि दोन मोठे घोट घेतले. तिसऱ्याला तोंडाला फेस आला. बायकोने केस धुवायला भिजवून ठेवलेलं रिठ्याचं पाणी होतं ते.

गंमत म्हणजे मी वाचत होतो ते प्रकरण नेमकं याच चुकीवर होतं. पाऊस पडला तर अंगण भिजतं, हे खरं. पण अंगण भिजलेलं आहे म्हणून पाऊस पडलाच असेल असं नाही. कोणी सडाही घातला असेल.

"दोन महिने हेच वाचताय ना?" बायको म्हणाली. "मग प्यायच्या आधी वास तरी घ्यायचा."

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झालेली. मी कारकुनी करत होतो आणि मुंबईच्या एका प्रशिक्षण संस्थेत शिरायची धडपड चाललेली. त्यांनी प्रवेशासाठी नवीच टूम काढलेली: सगळ्यांना एकच छापील परीक्षा, प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं, आणि निम्मे प्रश्न जर-तरचे नाहीतर कार्यकारणाचे. एकामागून एक दोन गोष्टी घडल्या, तर पहिलीमुळे दुसरी झाली का? अशा प्रश्नांनी माझं डोकं इतकं भरलेलं की आमटी खारट झाली तरी मी कारणाची साखळी जुळवत बसे. बायको म्हणे, "साखळी नको, मीठ जास्त पडलंय."

आम्ही तेव्हा ठाण्याला कोपरीत, खाडीच्या अंगाला, दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. पुढच्या भागात घरमालकीण मावशी एकट्या असत. त्यांना दम्याचा जुना विकार. दोनदा तर डॉक्टरांनी आशा सोडलेली. "तिसरा मोठा झटका सोसायचा नाही," असं ते मला बाजूला घेऊन बजावून गेलेले.

मावशींच्या ओटीवर शिसवी झोपाळा होता. त्यांचे यजमान संध्याकाळी त्यावर बसत, आणि ते गेल्यापासून त्यावर कोणीच बसत नसे. पण तो झोपाळा मधूनच संध्याकाळी आपोआप हलायचा. कड्या कुरकुरायच्या, हळूच, एका लयीत, बसलेल्या माणसाने पायाने रेटा द्यावा तशा. मावशी हातातलं काम टाकायच्या, डोक्यावरून पदर घ्यायच्या आणि आम्हाला सांगायच्या, "हे आले." मग आत जाऊन दाराला आतून कडी लावायच्या. यजमान ओटीवर असताना बाईने बाहेर बसायचं नाही, हा त्या घरचा शिरस्ता, आणि तो त्यांनी मोडला नव्हता. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आलेला. मी तर्कशास्त्राचं पुस्तक छातीशी धरून आमच्या खोलीत आलेलो, हेही सांगून टाकतो.

आता गोष्ट अशी की झोपाळा कुरकुरला, की बहुतेक वेळा त्याच रात्री मावशींचा दमा थोडाफार उसळायचा. "न्यायला येतात हो मला," त्या हसून म्हणायच्या.

मी मात्र पुस्तकी माणूस. मी साखळी मांडली: आवाजाने भीती, भीतीने दमा. म्हणजे आवाज गेला की भीती जाईल आणि भीती गेली की दमा. बायकोला मी हे कागदावर बाण काढून दाखवलं.

"त्यांना विचारा तरी आधी," ती म्हणाली.

"अगं, विचारलं तर भीतीच वाढेल!"

एका दुपारी मावशी देवळात गेल्या असताना मी बायकोच्या शिवणयंत्राची तेलाची कुपी घेतली, स्टुलावर चढलो आणि चारही कड्यांना तेल पाजलं. झोपाळा ढकलून पाहिला. चिडीचूप. परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं मला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओटीच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेलो. मावशी झोपाळ्याकडे पाठ करून सुपात तांदूळ निवडत होत्या. पान उलटताना मी मान वर केली, तर झोपाळा हलत होता.

आवाज मुळीच नाही. पुढे, मागे. पुढे, मागे. कुरकुरायचा तेव्हा निदान तो लाकडा-लोखंडाचा तरी वाटे. आता तो मुका झालेला, आणि मावशींच्या पाठीशी टीचभर अंतरापर्यंत येऊन परत जात होता, काही सांगायचं असून तोंड उघडत नसावं तसा. तरी आतला कारकून म्हणत होता, बघ, आवाज नाही, भीती नाही, मावशी खुशाल बसल्यात. सिद्ध झालं!

किती वेळ असा बसलो, देव जाणे. मग कुरकुर ऐकू आली. तीच लय, तोच बारीक सूर. मी कड्यांकडे पाहिलं. त्या मुक्याच होत्या. आवाज मावशींच्या छातीतून येत होता.

सूप कलंडलं. मी बायकोला हाक मारली, ती धावत आली. "खिडक्या लावा आधी! खाडीचा वारा सुटलाय, कळत नाही का तुम्हाला?" ती ओरडली. आम्ही मावशींना उचलून आत नेलं, दार लावलं. मी डॉक्टरांना आणायला स्टेशनकडे पळालो. वाटभर तो गार, दमट, मिठागरांच्या वासाचा वारा तोंडावर येत होता आणि माझ्या कागदावरचे बाण एकेक करून उलटे फिरत होते. वारा झोपाळा हलवत होता. वाराच दमा आणत होता. आणि मधली कुरकुर मावशींना वेळेवर आत पाठवत होती. मी त्या घरातली एकच कामाची गोष्ट बंद केलेली.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दिवेलागण उलटली तेव्हा कुठे मावशींचा श्वास खाली बसला. मी त्यांच्या पायाशी बसून तेलाचं सगळं कबूल केलं. "म्हणून हे बोलले नाहीत होय," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या बोळ्याने आणि राखेने मी त्या कड्या घासघासून पुसल्या. आठवड्याने वारा सुटला, कड्या कुरकुरल्या, मावशींनी पदर घेतला आणि आत जाऊन कडी लावली. त्या रात्री त्या शांत झोपल्या.

माझी परीक्षा झाली, प्रवेशही मिळाला. पत्र आलं त्या दिवशी मी बायकोला नव्या आत्मविश्वासाने सगळं समजावून सांगितलं: कारण कोणतं, खूण कोणती, आणि एकाच कारणाची दोन कार्यं कशी असतात. ती भाजी निवडत ऐकत होती.

"वाऱ्याने हलतो, पटलं मला," ती म्हणाली. "पण मी रोज समोरच असते ना, बघते. मावशींनी आतून कडी लावली, की तो थांबतो. हळूहळू नाही हो. पाय टेकल्यासारखा, जागच्या जागी. आणि वारा तर तेव्हा सुटलेलाच असतो."