ताम्हणाचं पॅकिंग

मी मूळचा तापट माणूस. नर्मदेकाठच्या आमच्या शहरात, सदर बाजारात मोटारी दुरुस्त करायचो, हाताला यश होतं, आणि त्या यशाचा मला माज होता हे आज कबूल करतो. देवाला नमस्कार करायचो, तोही एक पाय दाराबाहेर ठेवून. लढाईचे दिवस होते. जिनं मला आठव्या वर्षापासून आईच्या मायेनं वाढवलं, त्या माझ्या वहिनीच्या छातीत पाणी झालं होतं. चार पावलं टाकली की धाप लागायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दोन दिवसांत नागपूरच्या मोठ्या इस्पितळात न्या, नाहीतर माझ्या हातात काही नाही. रेल्वेचे डबे पलटणींनी भरलेले, तिला आडवं व्हायला जागा कुठून मिळणार! शेजारच्या वकीलसाहेबांनी आपली जुनी मोटार पेट्रोलसकट देऊ केली. दादा कारखान्यातून सुटू शकत नव्हता, तेव्हा न्यायचं मलाच होतं.

पण त्या मोटारीचा धूर आत यायचा. इंजिन आणि धुराची नळी यांच्या जोडातलं पॅकिंग जळून गेलं होतं, आणि फट् फट् करत सगळा धूर पायांखालून बैठकीत शिरायचा. धडधाकट माणसाचं डोकं उठायचं, तिथे वहिनीचं काय झालं असतं? मी कामाला लागलो. तेलात भिजवलेला पुठ्ठा लावला, त्याचा दोन मैलांत कोळसा झाला. डब्याचा पत्रा कापून लावला, तो कडेनं फुंकर मारत राहिला. अशा जागी ॲस्बेस्टॉस लागतो, त्याला आगीचं भय नाही. पण तेव्हा ॲस्बेस्टॉस म्हणा, तांब्याचा पत्रा म्हणा, सगळं लष्कराकडे. सदर बाजारातली सगळी दुकानं पालथी घातली आणि घरी येऊन हातातला पाना आपटला.

वहिनी उशांना टेकून बसली होती. "काहून एवढे तापून राहिले, भाऊजी? काय पाहिजे त्या गाडीला?"

"तांबं," मी म्हटलं. ती देव्हाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मग ते ताम्हण न्या." माहेरून आणलेलं, रोजच्या पूजेतलं ताम्हण! मी साफ नाही म्हटलं. धाप लागलेली असतानाही ती हसली. "देव काही ताम्हणात राहून नाही राहिला. कापा."

मी कापलं. पत्र्याची कात्री घेतली. बुडाची चकती काढली, भोकं पाडली, जोडात बसवली, गाडी सुरू केली. फट् फट्. जोडाचं तोंड किंचित वाकलेलं होतं आणि तांबं आपलं ताठच्या ताठ, ते वळणच घेईना. मला रडू फुटलं. देवाचं भांडंही मोडलं आणि कामही झालं नाही, आणि आता एकच दिवस उरला होता. वहिनी एवढंच म्हणाली, "भंगलेलं घरात नको. नर्मदामैयात सोडून या, मग बघू." तिच्याकडे न बघता मी चकती आणि उरलेले तुकडे रुमालात बांधले आणि भर दुपारी ग्वारीघाटला गेलो.

गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. सवयीनं काहीतरी मागायला गेलो, पण तोंडून निघालं ते वेगळंच, "मैया, मला जमत नाही गं. तूच बघ." असं मी जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं.

"अरे भैया, ये क्या डुबा रहे हो?" मागून आवाज आला. पायरीवर एक म्हातारा तांबट कोळशाची शेगडी घेऊन यात्रेकरूंचे लोटे सांधत बसला होता. मी चिडूनच त्याला सगळं सांगितलं. त्यानं चकती हातात घेऊन वाकवून पाहिली. "हमीं लोगों ने ठोक-ठोक के कड़ा किया है इसे. लाल करो, पानी में डालो, नरम हो जाएगा." मला हसूच आलं. लोखंड लाल करून पाण्यात घातलं की आणखी कडक होतं, हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. "तांबा लोहा नहीं है, भैया," असं म्हणून त्यानं चकती निखाऱ्यात ठेवली, लाल झाल्यावर चिमट्यानं उचलली आणि नर्मदेच्या पाण्यानं भरलेल्या लोट्यात सोडली. चर्र झालं. बाहेर काढली तर चक्क बोटांनी वाकत होती. वीस वर्षं पाना धरला मी, आणि मला हे ठाऊक नव्हतं!

या वेळी बोल्ट आवळले तशी चकती जोडाच्या वाकड्या तोंडावर गुमान बसली. पहाटे निघालो. वहिनी मागच्या बैठकीवर निजली होती, आणि नागपूर येईपर्यंत धुराचा वाससुद्धा आला नाही. तिथे तिच्या छातीतलं पाणी काढलं. महिन्याभरानं ती आपल्या पायांनी इस्पितळाचा जिना उतरली, तेव्हा मी सगळ्यांदेखत रडलो.

लोक म्हणतात, तो तांबट म्हणजे देवच. मी वाद घालत नाही. नारळ घेऊन मी परत गेलो, तेव्हा तो तिथेच तंबाखू चोळत बसला होता आणि त्यानं मला ओळखलंही नाही. पायांवर डोकं ठेवलं तर शेगडी बाजूला सरकवत म्हणतो, "अच्छा अच्छा, चलो, हटो, अंगीठी है!" मला एवढंच कळतं, की वहिनीनं मैयाकडे पाठवलं नसतं तर मी ते तुकडे भंगारात फेकले असते. माझी अक्कल जिथे संपली, तिथूनच पुढची वाट निघाली. त्या वाटेवर मला ढकलणाऱ्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

पुढे वकीलसाहेबांनी मोटार मोडीत काढली, तेव्हा ती चकती मी मागून आणली. वहिनीनं ती चिंचेनं घासून देव्हाऱ्यात ठेवली, आणि रोज तिच्यावर फूल वाहते. माझा स्वभाव काही एका दिवसात पालटला नाही. अजूनही कधी माझा आवाज चढला की स्वयंपाकघरातून वहिनी एका दमात, कुठेही धाप न लागता, म्हणते, "लाल झाले ना, भाऊजी? आता पाण्यात जा."

मी चपला घालतो आणि ग्वारीघाटला जातो.